हातातली पाने आणि डोळ्यातले सोने

खलनायकाने काय करावे याविषयी जगातील कथावाङ्मयात फारसा मतभेद नाही. त्याने राज्य बळकवावे, कोणाला तरी पळवून न्यावे, निदान गावची विहीर तरी बुजवावी, आणि हे सारे साधण्यासाठी त्याच्यापाशी सैन्य, विष, कारस्थान किंवा गेलाबाजार चार दांडगे इसम असावेत, एवढे सर्वमान्य आहे. ‘यू-गी-ओ! ड्युएल मॉन्स्टर्स’ या जपानी ॲनिमे मालिकेतील पहिल्या मोठ्या खलनायकाकडे यांपैकी जवळजवळ सगळे आहे. त्याच्या मालकीचे एक बेट आहे, बेटावर किल्ला आहे, किल्ल्यात तळघर आहे, काळ्या चष्म्यांचे रखवालदार आहेत, आणि तरीही एका शाळकरी मुलाचा बंदोबस्त करण्याची वेळ आली की हा गृहस्थ समोरासमोर बसून पत्ते पिसू लागतो.

ॲनिमे म्हणजे जपानी धाटणीची चलत्चित्रमालिका, आणि ड्युएल म्हणजे दोघांनी आपापल्या पानांच्या कॅटमधून राक्षस, मंत्र आणि सापळे बाहेर काढून एकमेकांचे ‘लाइफ पॉइंट्स’, म्हणजे जीवनाचे गुण, शून्यावर आणण्याचा सामना. काझुकी ताकाहाशी यांची मूळ चित्रकथा ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९९६ ते २००४ या काळात प्रसिद्ध झाली. आरंभी तिच्यात नाना तऱ्हेचे खेळ होते, परंतु त्यांतला पत्त्यांचा खेळ वाचकांनी इतका उचलून धरला की पुढे बाकीच्या खेळांना उभे राहण्यास जागा उरली नाही. कोनामी या कंपनीने १९९९ साली खरीखुरी पाने बाजारात आणली आणि टीव्ही टोकियो या वाहिनीवर एप्रिल २००० ते सप्टेंबर २००४ या काळात मालिकेचे २२४ भाग दाखवले गेले. या २२४ भागांच्या विश्वाचा एक मूलभूत नियम असा की येथे कोणताही तंटा, मग तो वारसाहक्काचा असो, अपहरणाचा असो वा जगाच्या विनाशाचा असो, पत्त्यांखेरीज अन्य मार्गाने मिटत नाही. पोलिसांकडे जाण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही, आणि आलेच तर पोलिसाकडेही पत्त्यांचा कॅट निघेल अशी भीती प्रेक्षकाला वाटत राहते.

सामन्याचे विधी ठरलेले असून ते कोणी मोडत नाही. पान टाकणाऱ्याने त्या पानाचे नाव, सामर्थ्य, दोष आणि शक्य असल्यास पूर्वपीठिका प्रतिस्पर्ध्याला मोठ्याने सांगायची असते. युद्धाच्या इतिहासात शत्रूला आपल्या तोफेची माहितीपुस्तिका वाचून दाखवणारे सेनापती अन्यत्र आढळत नाहीत. खेळाडूचे सांगून झाले की तेच पुन्हा सांगण्याची जबाबदारी कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मित्रमंडळींवर येते, आणि हा संवाद सारांशरूपाने साधारण असा चालतो.

“मी हे पान पालथे ठेवतो,” असे खलनायक म्हणतो.

“त्याने पान पालथे ठेवले!” असे एक मित्र उद्गारतो.

“पालथे पान म्हणजे सापळा असणार,” असे दुसरा मित्र निदान करतो.

“किंवा नसणारही,” असे मैत्रीण म्हणते, आणि तिघेही चिंतेत पडतात.

एवढ्यात जाहिरातींची वेळ होते, आणि पान अजून पालथेच असते.

या विश्वाचा पहिला मोठा खलनायक म्हणजे मॅक्सिमिलियन पेगासस, ज्याला मूळ जपानी आवृत्तीत पेगासस जे. क्रॉफर्ड असे नाव आहे. हा इंडस्ट्रियल इल्यूजन्स या अमेरिकन कंपनीचा प्रमुख असून ड्युएल मॉन्स्टर्स हा खेळ त्यानेच निर्माण केलेला आहे. त्याचे केस लांब आणि रुपेरी, कोट लाल, बाह्यांना झालरी, आणि बोलणे असे लडिवाळ की नायकाला ‘युगी-बॉय’ आणि नायकाच्या प्रतिस्पर्ध्याला ‘कैबा-बॉय’ अशी हाक मारून तो त्यांच्या आत्म्याची मागणी करतो. फावल्या वेळात तो लाल वाइनचा पेला हाती धरून विनोदी सशाच्या चित्रकथा वाचतो. जगावर अरिष्ट आणण्याच्या तयारीत असलेल्या माणसाने सशाच्या गमतीजमतींना मनापासून हसावे, ही खलनायकीच्या इतिहासातील दुर्मीळ आणि, पक्षपाताचा आरोप पत्करून म्हणावेसे वाटते, अत्यंत सुसंस्कृत बाब होय.

त्याच्या डाव्या डोळ्यावर केसांची बट पडलेली असते, कारण बटेखाली डोळा नसून सोन्याचा ‘मिलेनियम आय’ आहे. प्राचीन इजिप्तमध्ये घडवलेल्या सात जादूच्या वस्तूंपैकी ही एक, आणि तिच्या योगे समोरच्याच्या मनातले वाचता येते, म्हणजेच त्याच्या हातातली सगळी पाने दिसतात. आता या माणसाच्या जमेच्या बाजू एकत्र मांडून पाहाव्यात. खेळ त्याचा, नियम त्याचे, पाने छापणारी कंपनी त्याची, स्पर्धेचे बेट त्याचे, पंच त्याच्या पगारावर, काही पाने अशी की त्यांची प्रत जगात दुसऱ्या कोणाजवळच नाही, आणि या सर्वांवर कडी म्हणून प्रतिस्पर्ध्याचे पान न् पान त्याला दिसते. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग हा गल्लीतील क्रिकेटचा कायदा प्रत्येक मराठी मुलाने मुकाट्याने सोसलेला आहे. पेगासस हा मोठेपणीही बॅट न सोडलेला असा मुलगा होय, फक्त त्याने मध्यंतरी गल्लीही विकत घेतली आहे.

अशा माणसाने निमूटपणे जिंकावे आणि वाइन संपवून झोपावे, हे तर्काला धरून झाले असते. परंतु गुपचूप जिंकण्यात गंमत नसते, आणि आपण फसवतो आहोत हे फसलेल्याला कळल्याशिवाय फसवणाऱ्याचे समाधान होत नाही, या मनुष्यस्वभावाच्या जुन्या खोडीला पेगासस पूर्णपणे शरण गेलेला आहे. आपला सोनेरी डोळा तो संधी मिळताच बट बाजूला सारून दाखवतो आणि त्याची शक्ती सविस्तर समजावून सांगतो. पेपर फुटल्याची बातमी स्वतः पेपर फोडणाऱ्यानेच परीक्षागृहात उभे राहून जाहीर करावी, तशातला हा प्रकार.

नायकाची आणि त्याची पहिली भेट व्हिडिओ कॅसेटवर होते. युगी मुतो हा बुटका, मनमिळाऊ, आकाशाकडे झेपावणाऱ्या केसांचा शाळकरी मुलगा; त्याच्या गळ्यातील कोड्यात एका प्राचीन फॅरोचा आत्मा वसत असून सामन्याच्या वेळी तो युगीच्या देहाचा ताबा घेतो, तेव्हा युगीची उंची वाढते, आवाज खालच्या पट्टीत जातो आणि तरीही वर्गमित्रांना बराच काळ काही वेगळे जाणवत नाही. या मुलाला पेगाससच्या कंपनीकडून एक पुडके येते, त्यात एक कॅसेट, एक हातमोजा आणि दोन ‘स्टार चिप्स’, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या स्पर्धेच्या सोंगट्या निघतात. कॅसेट लावताच पडद्यावर पेगासस प्रकट होतो, काळ थांबवतो आणि पंधरा मिनिटांच्या मुदतीचा सामना खेळण्याचे आव्हान देतो. ध्वनिमुद्रित माणसाशी पत्ते कसे खेळायचे हा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी ही मालिका पाहण्याच्या भरीस पडू नये. तेथे उपस्थित असलेल्यांपैकी कोणालाही तो पडलेला नाही. युगी जिंकण्याच्या बेतात असताना मुदत संपते, गुणांच्या आघाडीवर पेगासस विजयी ठरतो, आणि युगीने आपल्या स्पर्धेत यावे म्हणून तो युगीच्या आजोबांचा आत्मा कॅसेटमध्ये ओढून घेतो. साधे निमंत्रणपत्र पाठवले असते तरी मुलगा आला असता, कारण तो पत्ते खेळण्यासाठी कोठेही जातो.

‘ड्युएलिस्ट किंगडम’ नावाची ही स्पर्धा आयोजनशास्त्राच्या दृष्टीने स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रत्येक स्पर्धकाला दोन चिप्स दिल्या जातात आणि दहा जमवणाऱ्यालाच किल्ल्यात प्रवेश मिळतो, म्हणून बेटावरच्या रानावनांत मुले एकमेकांना गाठून चिप्स पणाला लावत हिंडतात. जेवणाची सोय मात्र आयोजकाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. स्पर्धकांना दूरदूरहून बोलावून झाल्यावर यजमानाने त्यांना वाटेतच गारद करण्यासाठी ‘प्लेअर किलर’ म्हणून ओळखले जाणारे भाडोत्री खेळाडू रानात पेरून ठेवलेले असतात. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका वाटून नंतर मांडवाच्या दारात पाहुणे अडवायला माणसे ठेवणारा यजमान अन्यत्र सहसा सापडत नाही.

यजमानाचे पाहुणेही यजमानाला शोभणारेच आहेत. बेटाकडे जाणाऱ्या जहाजावरच हागा नावाचा किडेप्रेमी स्पर्धक युगीची एक्झोडिया या अजिंक्य राक्षसाची पाने पाहायला म्हणून मागून घेतो आणि पाहून झाल्यावर सरळ समुद्रात भिरकावतो. स्पर्धेचे नियम तर असे की ते खेळता खेळता सुचत जातात. सागरी राक्षसांचा स्वामी असलेल्या एका कोळ्याच्या मुलाशी लढताना युगी पूर्ण चंद्राचे पान टाकून ठेवतो आणि ऐन वेळी आपल्या दगडी सैनिकाला चंद्रावरच हल्ला करायला सांगतो. चंद्र फुटतो, भरती ओसरते आणि प्रतिस्पर्ध्याचे जलचर कोरड्यावर पडतात. कोनामीच्या खऱ्या नियमपुस्तिकेत चंद्रावर हल्ला करण्याची तरतूद नाही, त्यामुळे टिपणवही घेऊन नियमांशी ताळा जुळवू पाहणाऱ्या अभ्यासकाची वही या ठिकाणी कायमची मिटते आणि घरातील शाळकरी सदस्य त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहू लागतात. नियम निर्माण करणाऱ्या पेगाससने हे सारे किल्ल्यात बसून पाहिले आणि हरकत घेतली नाही, यावरून त्यालाही नियम पाठ नसावेत असा निष्कर्ष काढणे भाग पडते.

या सर्व खटाटोपामागचा हेतू तपासू गेल्यास अभ्यासक आणखी खोल पाण्यात जातो. सेतो कैबा हा युगीच्याच वयाचा मुलगा कैबा कॉर्पोरेशन या बलाढ्य कंपनीचा मालक असून पत्त्यांवरील राक्षस हवेत जिवंत उभे करणारे तंत्र त्याच्या कंपनीने विकसित केलेले आहे. पेगाससला ते तंत्र हवे आहे, कारण त्याची लाडकी सिसिलिया तरुणपणीच वारली आणि सोनेरी डोळ्याची जादू व हे तंत्र यांचा मिलाफ करून तिला परत आणता येईल अशी त्याची समजूत आहे. आता कैबा त्याच्याच पानांवर चालणारी यंत्रे बनवतो, म्हणजे दोघांचे धंद्याचे संबंध आधीपासूनच होते. एक फोन आणि एक करारपत्र एवढ्यात हे काम व्हावे. परंतु कैबाच्या कंपनीतील ‘बिग फाइव्ह’ नावाच्या पाच संचालकांचे म्हणणे असे पडते की मालक एका शाळकरी मुलाकडून पत्त्यांत हरल्यामुळे कंपनीची अब्रू गेली आहे, सबब जो त्या मुलाला पत्त्यांत हरवील त्याच्या हाती कंपनी द्यावी. हा ठराव भागधारकांच्या सभेपुढे कोणत्या विषयाखाली आला, त्यास सूचक-अनुमोदक कोण होते, आणि लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला की नाही, याविषयी मालिका मौन बाळगते. वारस म्हणून मध्ये येणाऱ्या कैबाच्या धाकट्या भावाला, मोकुबाला, पेगासस तळघरात कोंडतो. विरहाने व्याकूळ झालेल्या प्रियकराने ताजमहाल बांधल्याचे जगाला ठाऊक आहे. संचालक मंडळ फोडणारा प्रियकर बहुधा हा एकच.

अमेरिकेत ही मालिका मुलांच्या कार्यक्रमांत दाखवताना तेथील संपादकांनी तिच्यातील मरण पुसून टाकले आणि त्या जागी ‘शॅडो रेल्म’ म्हणजे छायालोक नावाचे ठिकाण कल्पिले, जेथे हरलेल्या माणसांची रवानगी होते आणि पत्ता कोणी विचारत नाही. बंदुकाही पुसल्या गेल्या, परंतु बंदूक धरणारे हात पुसणे राहून गेले, त्यामुळे पेगाससचे काळ्या चष्म्यांतले दांडगे रखवालदार काही दृश्यांत नुसती तर्जनी रोखून उभे असतात आणि समोरचा माणूस त्या बोटाला घाबरून हात वर करतो. खलनायकाच्या दरबाराची यापेक्षा अधिक निरुपद्रवी अवस्था कोणा शत्रूनेही केली नसती.

खेळाडू म्हणून पेगाससची कारकीर्द पाहता त्याला प्रतिस्पर्ध्याचा पराभव पुरेसा वाटत नाही, फजितीही लागते. कीथ नावाच्या अमेरिकन विजेत्याशी भर प्रेक्षागारात सामना रंगला असताना त्याने कागदावर चार ओळी खरडल्या, प्रेक्षकांतून एका लहान मुलाला बोलावून त्या त्याच्या हाती दिल्या, आणि त्या पोराने चिठ्ठी वाचून कीथला हरवले. कैबाशी खेळताना त्याने ‘टून वर्ल्ड’ हे पान काढले, ज्याच्या योगे उघडमिटीच्या चित्रपुस्तकासारखे एक पुस्तक मैदानात उभे राहते आणि राक्षस त्यात शिरून गुबगुबीत कार्टून होऊन बाहेर पडतात. कैबाचा जीव की प्राण असलेला निळ्या डोळ्यांचा शुभ्र ड्रॅगन या पुस्तकात जाऊन डोळे फिरवत, जीभ बाहेर काढत परतला, तेव्हा कैबाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते ज्येष्ठ साहित्यिकाला स्वतःचे अर्कचित्र दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर दिसताच उमटणाऱ्या भावांशी मिळतेजुळते होते. कैबा हरला आणि त्याचा आत्मा एका पानात बंदिस्त झाला. ते पान पेगाससने जपून ठेवले, कारण माणूस काही झाले तरी संग्राहक आहे.

अखेरचा सामना युगीशी झाला आणि अनेक भाग चालला. मन वाचणाऱ्याशी पत्ते कसे खेळावेत, या प्रश्नाचे युगीने शोधलेले उत्तर तत्त्वज्ञानाच्या इतिहासात नोंदण्याजोगे आहे: आपले पान आपल्यालाच ठाऊक नसावे. एका देहात दोन मने असल्याने एका मनाने पान उचलून पालथे ठेवायचे आणि लगेच दुसऱ्याने ताबा घ्यायचा, म्हणजे आत डोकावणाऱ्याला केवळ भाबडे अज्ञान दिसावे, अशी ही युक्ती. या ठिकाणी पेगाससची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी आहे. आयुष्यभर उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पेपर सोडवलेल्या या विद्वानावर प्रथमच विचार करण्याची पाळी येते आणि त्याला ती सवय नसते. त्यांचा व्यवहार थोडक्यात पुढीलप्रमाणे होतो.

“ते पान कोणते आहे?” असे पेगासस विचारतो.

“मलाही माहीत नाही,” असे युगी सांगतो, आणि ते खरे असते.

“हा अन्याय आहे,” असे पेगाससच्या मुद्रेवर स्पष्ट लिहिलेले दिसते.

चिडलेला यजमान सामना ‘शॅडो गेम’मध्ये, म्हणजे प्राण पणाला लागणाऱ्या अंधाऱ्या खेळात नेतो, तो ताण सहन न होऊन लहानगा युगी एक पान पालथे ठेवून मूर्च्छित पडतो, तरी त्याचे मित्र, जे आजवर केवळ समालोचनाचे काम करत आले होते, आपली मने एकवटून भिंतीसारखी उभी करतात आणि सोनेरी डोळ्याची वाट अडवतात. पेगाससजवळ तेव्हा सहस्र डोळ्यांचा राक्षस आहे, स्वतःचा जादूचा डोळा आहे, म्हणजे पाहण्याच्या साधनांची कमतरता अजिबात नाही. युगी कुरिबो नावाचा केसाळ चेंडू पुढे करतो, ज्याचे आक्रमणाचे सामर्थ्य अवघे ३०० आहे. तो मंत्राने शेकड्यांनी वाढतो, राक्षसाच्या डोळ्यांवर आदळून फुटतो, सहस्र डोळे एकदम दिपतात, आणि मूर्च्छेपूर्वी ठेवलेल्या त्या पालथ्या पानातून एक बलाढ्य जादूगार प्रकट होऊन राक्षसाचा निकाल लावतो. खेळाचा निर्माता स्वतःच्या बेटावर, स्वतःच्या पंचासमोर, स्वतःच छापलेल्या पानांनी हरतो. त्यानंतर दुसराच एक खलनायक येऊन त्याचा सोनेरी डोळाही काढून नेतो. मूळ चित्रकथेत पेगासस यात मरतो, ॲनिमेत मात्र जगतो.

जगल्यावर त्याचे जे झाले ते खलनायकांच्या पेन्शनविषयी आस्था असणाऱ्यांनी वाचावे. ‘यू-गी-ओ! जीएक्स’ या पुढच्या मालिकेत तो मान्यवर ज्येष्ठ म्हणून वावरतो आणि अपहरण, आत्मे व आजोबा यांचा विषय कोणी काढत नाही, कारण कंपनी अजून त्याचीच आहे. २०१० साली आलेल्या ‘बॉन्ड्स बियाँड टाइम’ या चित्रपटात भविष्यातून आलेला पॅराडॉक्स नावाचा खलनायक हा खेळच इतिहासातून पुसण्यासाठी पेगाससवर चालून येतो, आणि त्याला वाचवण्यासाठी ज्यांना धावावे लागते त्यांत युगीही असतो; त्याच्या आजोबांचे या बाबतीतले मत चित्रपटात विचारलेले नाही.

पेगाससच्या संग्रहातील बरीचशी पाने कोनामीने पुढे प्रत्यक्षात छापली आणि ती आता कोणाही शाळकरी मुलाला मिळू शकतात. सहस्र डोळ्यांच्या राक्षसाचे पान स्पर्धांतून काही वर्षे बंदीच्या यादीत होते. टून वर्ल्डचे मूळ पान खेळायचे असेल तर स्वतःचे १००० लाइफ पॉइंट्स मोजावे लागतात, आणि ते मोजून झाल्यावर हे पान स्वतः होऊन काहीही करत नाही.